जुनी गोळी नवीला चार्ज देते

३ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. घरी सांगितलंय, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणतो. मी काही मनाचा पेशंट वगैरे नाही. रिटायर झाल्यापासून सकाळी उठायला कारण सापडत नाही, एवढंच. जेवण मातीसारखं लागतं. मधेच डोळे भरतात, ते चष्म्याचा नंबर वाढला असेल.
मन उचलायची जुनी गोळी गुण देईना म्हणून बाईंनी बदलली. म्हणाल्या, जुनी आजपासून बंद. मग चौदा दिवस काहीच नाही. मग नवी. जुनीचा असर अंगातून जायला तेवढे दिवस लागतात, दोन्ही एकत्र झाल्या तर जिवावर बेतेल. कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. फार नाटकं.

४ मार्च, सकाळी
चौतीस वर्षं बॉयलर चालवला. नियम एकच. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. जुना आणि नवा थोडा वेळ सोबत उभे राहतात, जुना चार्ज देतो, मग घरी जातो. आणि ही बाई म्हणते, चौदा दिवस बॉयलर वाऱ्यावर सोडा! इथे माझा एक दिवस निघत नाही.
ठरलं. चार दिवस दोन्ही घ्यायच्या.
मेडिकलवाला म्हणाला, आजोबा, जुनी कधी बंद केलीत? म्हटलं, झाला की महिना. नक्की ना, म्हणाला. म्हटलं, तू गोळ्या विक, चौकशी पोलीस करतात.
११ वाजता दोन्ही घेतल्या. काही झालं नाही.

४ मार्च, दुपारी ४
फ्रेश. पाय आपोआप हलतायत. तीनदा संडास झाली. पोट साफ, चांगलं लक्षण.

५ मार्च, सकाळी ८
दोन्ही घेतल्या. घाम. बनियन दोनदा बदललं. सूनबाई म्हणाली, बाबा, पंख्याखाली घाम कसला? म्हटलं, स्टीम धरलीय.

१०.३०
हात थरथरतोय. ही म्हणाली, अहो, तुमची कपबशी गाणं म्हणतेय. हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून कपबशी काढून घेतली.

१२
छाती धडधडते. जबडा आवळतोय. पायाला झटके. एक मिनिट बसवत नाही. नवी जोरात चार्ज घेतेय, दुसरं काही नाही. प्रेशर उतरेल.

१.१०
ताप १०३. ही पट्ट्या ठेवतेय. उगाच घोळ. अक्षर नीट येत नाही. सूनबाईने गाडी बोलावली. कशाला

९ मार्च. हॉस्पिटल
आज पेन धरवलं.
त्या दिवशी कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? म्हटलं, व्हिटॅमिन. ही पायाशी उभी होती, माझ्या चपला हातात धरून. डॉक्टर इन्फेक्शनचा ताप म्हणून लिहायला लागला. मग पेन थांबवून परत म्हणाला, आजोबा, दुसरं काहीच नाही? छाती फुटायच्या बेतात होती. हिच्यासमोर सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण खरंच मरायचं दिसत होतं. सांगितलं. मन लागत नाही, त्याच्या दोन गोळ्या, जुनी आणि नवी, एकत्र.
त्याने हाक मारली. तिघं धावत आले. दोन दिवस आयसीयू.
डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. मी चार्जचं सगळं समजावलं. ऐकून म्हणाल्या, काका, ही गोळी बंद केली तरी जुना माणूस दोन आठवडे आतच उभा असतो. तेवढ्यात नवा आत सोडलात, की दोघं मिळून कोळसा टाकतात.

नवी कधी सुरू करायची ते बाईच सांगणार. तोवर, निदान चौदा दिवस, काहीच नाही.
 आज ही पेज भरवताना म्हणाली, मन लागत नाही हे मला सांगायचंत ना. मला तरी कुठे लागतं?
किती दिवस, विचारलं. म्हणाली, तुमच्याआधीपासून.
तोंडावर आलं होतं, माझ्या जुन्या गोळ्या कपाटात पडल्यात, त्यातली एक घेऊन बघ.
गिळलं.
सूनबाईला म्हटलं, बाईंकडे दोन नंबर लाव.