पाच देवळांचा राजा

४ डिसेंबर, अकोला
पोचले एकदाची. अमरावतीहून निघालेली बस दर्यापुरात बंद पडली, पुढे जीपमध्ये खेटून बसले, तरी मजा आली. जठारपेठेत भगवंतरावांकडे वरची उजेडाची खोली मिळाली आहे. त्यांचं जुनं दरबारी चित्र साफ करून द्यायचं. एकाच कागदावर पाच देवळं आणि प्रत्येकापुढे तोच राजा, हात जोडून उभा. मागे मोरचेल धरलेला सेवक. त्यांच्या पत्नीने, माणिकबाईंनी, गरम भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. पंधरा दिवस झकास जाणार.

७ डिसेंबर
काजळी निघते आहे. राजाचा चेहरा भक्तिभावाचा वाटला होता. तो थकलेला आहे. डोळ्यांखाली राखाडी रेघ, टाचा फुटलेल्या. माणिकबाई सांगत होत्या, पाची देवळं फिरल्याशिवाय कुठेही खाली टेकणार नाही असा त्याचा नवस होता. तो वाटेतच वारला.

९ डिसेंबर
पाय फार दुखतात. माणिकबाईंनी तेल दिलं. “कावून वं गीतांजली, कुठी फिरून राहिली तू?” मी तर जिनाही उतरले नव्हते.

१२ डिसेंबर
पहिल्या देवळापुढे राजा नाही. कोरा कागद. माझ्याकडून पुसला गेला म्हणावं, तर कापसाचे बोळे स्वच्छ. सेवक रिकाम्या जागेवर मोरचेल ढाळतो आहे. भगवंतरावांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, तिथे कधी कोणी नव्हतंच.

१३ डिसेंबर
दुसराही गेला. माझ्या टाचांना भेगा. घरी निघायचं ठरवलं, पण बॅग उचलण्याचंही त्राण नाही. असा शिणवटा कधी—

१५ डिसेंबर
तिसरा. चौथा. उरलेला एक देवाकडे बघत नाही. चित्राबाहेर बघतो. माझ्या पलंगाकडे.

१६ डिसेंबर, दुपार
पाची जागा रिकाम्या. पलंगावर कोणी झोपलंय. घोरणं जड, फार जुनं—
भीती वाटायला हवी. मला फक्त बसायचंय. गुडघे वाकतच नाहीत—
माणिकबाईंना हाक मारली. आल्या. पलंगावरचं पांघरूण सारखं केलं. दारातल्या भगवंतरावांना हळूच म्हणाल्या, “झोपू द्या तिले. लय थकली पोरगी.”
मी इथे आहे. इथे, खिडकीशी—
माझ्याजवळून गेल्या. पाहिलं नाही.
खिडकी नाही आता. दगडी पायऱ्या, तापलेल्या. पहिलं देऊळ. अजून चार— उभ्यानेच लिहिते— हात आपोआप जुळताहेत, पेन धरव—