पपांच्या पुढे गेलेल्या गाड्या

प्रिय ताई,

तुझा गुडघा कसा आहे? आधी समोरच्याची तब्येत आणि मग आपलं रडगाणं, असं शाळेत सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलं, म्हणून विचारते. आता ऐक. दादाने तुझ्या लेकीची मालिका पाहिली आणि आपण सगळे शाबूत आहोत.

एका श्रीमंत घरातली माणसं एकमेकांना कशी खातात, याची विनोदी मालिका तिने लिहिली, हे कळल्यापासून दादा म्हणत होता, "आपल्या घरातलं एक जरी निघालं ना, तर भाचीला कोर्टात खेचीन आणि सांगणाऱ्याला घराबाहेर काढीन." सगळं तिला सांगितलंय मीच (फोनवर, विणता विणता, त्यात तीन स्वेटर झाले), आणि राहते मी दादाच्याच वरच्या मजल्यावर. तीन आठवडे घास गोड लागला नाही.

रविवारी दुपारी त्याने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. मधोमध वकील, मांडीवर वही, बदनामी टिपून घ्यायला. पडद्यावर पाहुणे गेल्यावर चमचे मोजणारी बाई आली, तशी वहिनी (जिने माझ्या वाढदिवसालाही मोजले होते) माझ्या कानाशी लागली, "अगदी आपल्या धाकट्या जाऊबाई, नाही?" त्याच वेळी धाकट्या जाऊबाई नवऱ्याला कोपराने ढोसून वहिनीकडे खूण करत होत्या.

मग ती अंत्ययात्रा आली. शववाहिकेच्या लगेच मागे थोरल्याची गाडी की धाकट्याची, यावरून दोघे भाऊ असे पेटतात की शववाहिकाच मागे पडते, आणि दोघे वडिलांच्या आधी स्मशानात पोचून भांडत त्यांची वाट पाहतात. खऱ्या अंत्ययात्रेत मी शववाहिकेत पपांजवळ बसले होते. दोन्ही गाड्या भुर्रकन शेजारून गेल्या, तेव्हा त्यांचे केस सारखे करत मी म्हटलं होतं, "पपा, आपल्याला काही घाई नाही." तुझ्या लेकीने तेही घातलंय.

मी डोळे मिटून घेतले. आणि दादा हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरे, असली माणसं असतात तरी कुठे?" म्हणाला. धाकट्यानेही त्याच्या पाठीवर थाप मारली. पपा गेल्यापासून अकरा वर्षांनी दोघे एका सोफ्यावर हसले, ताई. वकिलाने दादाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. पपांच्या अंत्ययात्रेत तो दादाच्याच गाडीत पुढे बसला होता.

तुझी, अजून वरच्याच मजल्यावर राहणारी,
छोटी

ता. क. स्वतःला ओळखलं ते फक्त मी. चहा ओतत गोड बोलणारी आणि दाराआड उभी राहून ऐकणारी ती बहीण मला मुळीच आवडली नाही. लेकीला सांग, मी उभी राहत नाही. खुर्ची घेते.

आणखी एक. पुढच्या भागाच्या झलकेत ती बहीण जिन्यावरून पडताना दिसते. तिला मारू नकोस म्हणावं, एवढ्यासाठीच हे पत्र. तीच गेली तर घरातलं सांगणार कोण? आणि रविवारचं हे सगळं माझ्या अक्षरात लेकीच्या हातात देऊ नकोस. वाचून दाखव, सावकाश, म्हणजे तिला लिहून घेता येईल.