वॉल्टर गॉन्टचा आवाज परत करण्याबाबत

ज्या टोपीवर माझं घर उभं आहे ती मला अडीच शिलिंगांना पडली, असं मी मुलाखतींतून चाळीस वर्षं सांगत आलो. लोक हसत. खरा हिशेब असा आहे: अडीच शिलिंग आणि एका माणसाचं बोलणं. पहिली बाब मी भरली, दुसरी त्याने.

तेव्हा मी, क्लिफर्ड बारस्टो, वय वर्षे सत्तर, धंदा विनोदी नट, राहणार हॉर्नबी-ऑन-सी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी छातीबद्दल जे सांगितलं ते मला पहिल्याच वेळी समजलं. कोणी गळ घातलेली नाही. माझी आधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी फार उदार झालो होतो.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची म्यूरिएल हिला. अट एकच. पुढच्या खोलीतला दिव्यांचा आरसा तिने काढून टाकावा. बऱ्याच वर्षांत मी त्यात एकटा दिसलेलो नाही.

२. माझा पियानो थकलेल्या नटांच्या आश्रमाला. तिथला बेसूर आहे हे मी त्यांना दोनदा लेखी कळवलं होतं.

३. माझा एजंट बर्नार्ड लास्क याला माझा जाड ओव्हरकोट. १९६३ साली हा कोट घालून मी त्याच्या ऑफिसबाहेर तीन तास बसलो होतो. तो आत होता. याहून अधिक त्याला काही नाही, आणि मिस्टर ग्रिम्बल तर नाहीच. कोणा तरुण नटाला टोपी चढवून ग्रिम्बल पुन्हा टीव्हीवर आणायचा त्याचा बेत आहे. तो बेत थांबवण्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

४. मिस्टर ग्रिम्बल हे माझं विनोदी सोंग साऱ्या देशाला ठाऊक आहे. तिकिटं तपासणारा, खाकरून "माझं काही म्हणणं नाही, पण..." असं सुरू करणारा आणि मग तासभर म्हणतच राहणारा. तो कुठून आला हे मात्र मी कुठे सांगितलं नाही.

माझे वडील मासळीच्या धक्क्यावर हमाल. माझी शाळा तेराव्या वर्षी सुटली, पुढचं सगळं मी कानाने शिकलो. डोळे नटाला फसवतात, म्हणून मी माणसाकडे पाठ करून ऐकतो. १९५१च्या उन्हाळ्यात मी इथल्या पियरच्या, म्हणजे समुद्रात गेलेल्या सहलीच्या धक्क्याच्या, फाटकाजवळ चहाच्या टपरीत फाटकाकडे पाठ करून रोज बसलो. फाटकावर तिकिटं तपासायला वॉल्टर गॉन्ट होता. महिन्याभरात तो आवाज माझ्या घशात उतरला. मग चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत त्याची जुनी टोपी मिळाली, आत त्याचं नाव शिवलेलं. इंग्लंडात माझ्यासारखे कान दुसऱ्या नटाला नाहीत. माणसाचा श्वाससुद्धा मी उचलतो. याबाबत मला आजवर कोणी खोटं पाडलेलं नाही.

पहिल्या खेळाला वॉल्टर बायको आणि मुलीला घेऊन आला होता. मी टोपी घालून बाहेर आलो, खाकरलो, आणि अख्खं नाट्यगृह मागे वळून त्याच्याकडे बघू लागलं. दुसऱ्या दिवशी तो फाटकावर नुसतं "पुढे सरका" म्हणाला तरी रांग हसली. दोन उन्हाळ्यांत त्याने बोलणं सोडलं. फाटकावर पाटी टांगली, तिकीट दाखवा. पुढे घरीही बोलेना. एकदा तो मला समुद्राकाठी भेटला. रागावलास का, असं मी विचारलं. त्याने तोंड उघडलं, बाकावरची माणसं वळलेली पाहिली आणि मिटलं. १९७२ साली तो वारला. जवळजवळ वीस वर्षं गप्प होता.

तेव्हापासून तो माझ्याकडे राहायला आला. भाजीवाल्याकडे मी तोंड उघडतो आणि ग्रिम्बल कोबी मागतो. रिकाम्या खोलीत कोणी खाकरतं, आणि तो मीच असतो. माझी बायको एड्ना शेवटच्या दुपारी म्हणाली, "क्लिफ, एकदा तुझ्या आवाजात हाक मार ना." मी हाक मारली. तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "असू दे."

५. म्हणून मिस्टर ग्रिम्बल, त्याची टोपी, साऱ्या ध्वनिफिती आणि तो वापरण्याचे सर्व हक्क मी वॉल्टरची मुलगी विनिफ्रेड गॉन्ट हिला देतो. चालवावा की गाडावा हे तिने ठरवावं. तिच्याकडे वडिलांचा आवाज कुठेच नाही. जो आहे तो माझ्याकडे आहे.

हे तिला सांगायला मी मंगळवारी तिला चहाला बोलावलं. टोपी घातली आणि दोन मिनिटं तिच्या वडिलांसारखा बोललो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मिस्टर बारस्टो, बाबा असे बोलत नव्हते."

मी म्हणालो, अगं, सारं गाव ओळखत होतं.

"गाव ओळखत होतं खरं. मला तर आता त्यांचा आवाज आठवतही नाही, तुमचाच आठवतो. पण हा नव्हे, एवढं कळतं."

केक न खाताच ती गेली. हा तिचा राग बोलला असं मी धरतो, आणि राग करायचा तिला हक्क आहे. तरी शंका राहू नये म्हणून मी लेन सॉवर्बीला साक्षीला बोलावलं आहे. फाटकाला लागूनच तो तीस वर्षं आरामखुर्च्या भाड्याने देत होता. चाळीस वर्षांत त्याने मला मान हलवण्यापलीकडे ओळख दिली नाही, आणि माझ्या खेळाला हसलाही नाही. साक्षीदार असल्यामुळे त्याला काही ठेवता येत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही. पण माणूस खरा आहे. आवाज वॉल्टरचाच होता, एवढं त्याने सहीशेजारी लिहावं, म्हणजे विनिफ्रेड तो घेईल.

हॉर्नबी-ऑन-सी, १९ नोव्हेंबर १९९१. दोन्ही साक्षीदारांसमोर, एकाच बैठकीत सही केली.

क्लिफर्ड बारस्टो

साक्षीदार पहिली: एनिड हॅलम, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: लेन सॉवर्बी, वय एक्याऐंशी. सही माझ्यासमोर झाली. पोरगी खरं सांगते. वॉल्टरचा आवाज बारीक होता आणि तो कधी खाकरत नसे. टपरीमागे खाकरून बोलत असायचो तो मी. पहिल्या खेळाच्या दुसऱ्या दिवसापासून मी तसं बोलणं सोडलं आणि गप्प बसलो. टोपी मात्र वॉल्टरचीच होती.