तुसाची राख

आये, त्या वर्षी आपल्या भाताला तुडतुडे लागले ते माझ्यामुळे. तू असेपर्यंत सांगायला वेळच मिळाला नाही, असं लिहिणार होते, पण तेही खोटं. वेळ भरपूर होता, तोंड नव्हतं.

शेतीच्या कॉलेजातून मी पहिल्यांदाच सुट्टीत घरी, जोह्याला आलेली, अंगात नुसता शहाणपणा. लावणीआधी तू टोपलीतली तुसाची राख खाचरात फेकत होतीस. शेजारच्या दोघी बांधावर होत्या, आणि मी त्यांच्यादेखत हसले. म्हटलं, "आये, राखेनं भात पिकतं होय? मग चुलीतच पेर की!" तू चिडली नाहीस. "पातीनं हात कापला पायजे गो," म्हणालीस, "मऊ पात किड्याला गोड लागते." मी आणखीच हसले. टोपली बाजूला ठेवायला लावली, युरिया दुप्पट टाकायला लावला, आणि निघताना बजावलं की पुढच्या खेपेलाही तेवढाच टाक. तू टाकलास. लेक शिकलेली ना.

भात असं काळपट हिरवं झालं की वाटेने जाणारे थांबून बघत. नवरात्रात मी आले तेव्हा मात्र बुंध्याशी तुडतुड्यांची दाटी, आणि मधेमधे जळाल्यासारखी गोल खळी पडलेली. त्याच दोघी विचारतात, "काय टाकलं गो यात?" आणि तू म्हणतेस, "माझाच हात जड पडला. पोर नको म्हनत व्हती." मी शेजारीच उभी आहे. दरवर्षी तुझ्याकडून बी नेणारं गाव त्या वर्षी फिरकलं नाही. पुढेही नाही. गेल्या सालचं राखून ठेवलेलं बी तू गिरणीतून भरडून आणलंस आणि आम्हाला त्याचा भात वाढलास. मी जेवले, आये.

मग रोह्याला नोकरी लागली आणि तिथे एका पुस्तकात सगळं सापडलं. नत्र जास्त झालं की झाड नुसतं फोफावतं, रस किड्याला गोड लागतो, आणि किड्याला नकोशी द्रव्यं झाड स्वतः तयार करतं ती कमी पडतात. तुसाच्या राखेतली सिलिका पातीत बसते आणि पात खरखरीत होते, कीड आणि करपा रोग दोन्ही अडतात. तेव्हा तू धडधाकट होतीस. दर रविवारी मी यायचे, तुझ्या हातचं कालवण ओरपायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. माझी मलाच लाज वाटते.

आता मी गावोगावच्या बायकांना राख टाकायला शिकवते. या पत्राला पत्ता नाही ही नुसती सबब. तू असतीस तरी मी ते पोस्टात टाकलं नसतं. परवाच एका म्हातारीने विचारलं, "ताई, ही राखेची गोस्ट तुमाला कोनी शिकवली?"

"कॉलेजात," मी म्हणाले.