देवीच्या पायरीवरचा हात

ऐनाची वाडी,
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

ती. मोतीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. वादळात वाडीकडचा टॉवर बंद पडलाय, त्यामुळे माझा फोन सध्या नुसता बॅटरीच्या कामाचा उरलाय. रूपेश त्याचा टेंपो खाली डांबरी रस्त्याला लावून रेशन घेऊन वर येतो, त्याच्याच हाती हे देते. तुझं उत्तरही त्याच्याजवळ दे.

माझं काम म्हणजे मोट बांधणं. दारू सोडणाऱ्याला कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या द्यायच्या, सिस्टरनी डोंगर चढून यायचं, घरच्यांनी टोमणे थांबवायचे, आणि हे सगळं एकाच वेळी जुळवायचं मी. एकाला धरून आणावं तर दुसरा रानात पसार. पण कमळ्या तयार झालाय. सकाळी चूळ भरायच्या आधी पिणारा माणूस. डॉक्टरांनी त्याला तपासलं, रविवारपासून गोळ्यांवर ठेवायचं ठरलंय.

बाबा कसे आहेत? दारू सोडायला कर्जतला चला म्हटलं की माझ्याशी बोलणंच सोडतात. आई गेल्यापासून ते तुझ्या घरी, तुझ्या धाकात आहेत, तेवढंच मला समाधान. तुझ्या महिला मंडळाचा नवरात्रात काही बेत आहे असं रूपेश म्हणाला. बाटल्या फोडणार असशील तर पायात चप्पल घालून फोड.

लोभ आहेच. त्यातला थोडा बाबांना रागावताना त्यांच्या वाट्याला जाऊ दे.

तुझी,
हर्षला


कडाव,
मंगळवार, २३ सप्टेंबर, सकाळ

चि. हर्षला हिस मोतीआत्याचे अनेक आशीर्वाद.

आधी पेढे वाट, मग पुढचं वाच. काल घटस्थापनेला आमच्या मंडळाने गावातल्या पिणाऱ्या सगळ्या पुरुषांना देवळात उभं केलं. एकेकाने देवीच्या पायरीवर उजवा हात ठेवला आणि आजपासून थेंब नाही अशी शपथ घेतली. पहिला हात कोणी ठेवला? तुझ्या बापाने, आमच्या गजाने. तू डॉक्टर, सिस्टर, गोळ्या करत डोंगर पालथे घालतेस, माझं काम एका नारळात झालं.

मंडळाची अध्यक्ष मी, म्हणून सुरुवात माझ्याच घरापासून करायची होती. आजवर लोक म्हणायचे, की मोतीबाय गावाला शानपन शिकवते नि भाऊ वट्यावर लोळतो. काल त्यांची तोंडं बंद झाली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गजाला जरा कसर आहे. काल संध्याकाळपासून घामाने भिजतोय, हात असे थरथरतात की चहा बशीतून अंगावर सांडला. मी म्हटलं, विष निघतंय, निघू दे. आज पहाटे भिंतीवर मुंग्यांची रांग लागलीय म्हणाला. मी जाऊन पाहिलं तर एक मुंगी नाही. शेजारचा जयवंता, काल त्यानेही पायरीवर हात ठेवलाय, तो येऊन सांगतो कसा, की घोटभर द्या, लगेच उतरेल. त्याला दारातूनच परत लावला. देवी परीक्षा बघतेय. कोणी चोरून पाजू नये म्हणून गजाच्या खोलीला मी बाहेरून कडी घातलीय. एवढे नऊ दिवस निघाले की माणूस सुटला.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझी आठवण ठेव, तुझ्या मीटिंगांतून वेळ मिळाला तर.

तुझी आत्या,
मोतीबाई


ऐनाची वाडी,
मंगळवार, २३ सप्टेंबर, दुपार

ती. आत्यास नमस्कार.

खुशाली नंतर. आधी बाबांच्या खोलीची कडी काढ.

माणूस वर्षानुवर्षं सकाळपासून पीत असेल आणि त्याची दारू एका दिवसात तोडली, तर अंग उलटतं. घाम, कापरं, नसलेल्या मुंग्या, त्यानंतर फिट. त्यात माणूस जातो, आत्या. यावर औषध आहे, म्हणून तर मी डॉक्टर आणि सिस्टर यांच्या मागे धावत असते. बाबांना ताबडतोब कर्जतच्या सरकारी दवाखान्यात ने. घरी घोट पाजत बसू नकोस, त्यांना एकटं सोडू नकोस. औषध घेतल्याने शपथ मोडत नाही. देवीला ते कळतं, तुझ्या मंडळाला मी समजावीन.

मी स्वतः का निघाले नाही, असं तुला वाटेल. कमळ्याचा आजचा दिवस फार वाईट चाललाय. गोळ्या वेळ बघून आणि त्याची अवस्था बघून द्याव्या लागतात, त्याची बायको भागूबाई घाबरून कोपऱ्यात बसलीय. सिस्टर उद्या येणार. तोवर मी इथून उठले आणि याला काही झालं, तर या वाडीत पुन्हा कोणी गोळीला हात लावणार नाही. माझा बाप खाली आहे आणि मी परक्या माणसाच्या उशाशी बसलेय. मला तुझा राग आलाय. रागाहून जास्त भीती वाटतेय.

रूपेश आत्ताच उतरतोय. रेंज आली की तो फोन करेल, पण तू फोन कपाटात ठेवून देवळात बसतेस. म्हणून त्याला बजावलंय, की पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि बाबांना टेंपोत घेतल्याशिवाय हलायचं नाही.

लोभ, राग सगळं मागाहून. आत्ता फक्त ऊठ.

हर्षला


कर्जत,
बुधवार, २४ सप्टेंबर, सकाळ

चि. हर्षला हिस आशीर्वाद.

दवाखान्याच्या बाकावरून लिहितेय. गजा आत आहे. जिवंत आहे, हे पहिलं सांगते.

रूपेश आला तेव्हा आरती चालू होती. तुझं पत्र मी ताट हातात धरूनच वाचलं. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो लोकांचा. मोतीबाईने सगळ्यांना शपथा घातल्या आणि स्वतःच्या भावाला मात्र दुसऱ्या दिवशी टेंपोत घालून नेला, असं बायका म्हणतील. पण रूपेशने मला हाताला धरून ओढलं. कडी काढली तर गजा जमिनीवर पडलेला, तोंडाला फेस, जीभ चावलेली. दारावर आतून त्याच्या मुठींचे घामट डाग होते. तो दार ठोकत असताना मी देवळात टाळ्या वाजवत होते, हर्षले.

दोन दिवस काही सांगता येत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, फक्त विचारलं, की शपथ घेतलेले आणखी कोण कोण आहेत. त्यातला कोण सणासुदीला पिणारा आणि कोण सकाळी चुळीआधी पिणारा, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं.

म्हणून गजाला इथे ठेवून मी गावात चाललेय. तू कमळ्यापाशी का थांबलीस ते मला या बाकावर बसून कळलं. आता घरोघर जाऊन एकेकाला हात पुढे करायला सांगणार. ज्याचा थरथरेल तो रूपेशच्या टेंपोत. जे हात मी परवा पायरीवर ठेवायला लावले तेच हात तपासायचे आहेत. बायकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

सिस्टर आल्या की तू तडक इथे ये. गजाजवळ आपलं कोणी नाही. माझ्यावरचा लोभ उरला असेल तर उरू दे, मागायला तोंड नाही.

तुझी आत्या


कडाव,
गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

चि. हर्षला हिस बापाचे आशीर्वाद.

आताच मला घरी पोचवून तू परत वाडीवर गेलीस. एवढं मंगळवारी तू गेल्या गेल्या लिवलं, नि दोन ओळींत दमलो. आज दसरा, म्हनून पुन्हा बसलो. बापाने तुला आजवर पत्र लिवलं नाय, म्हनून हसू नको.

तू दवाखान्यात माझ्याजवळ होतीस तेव्हा गावात काय झालं ते मला इथे आल्यावर समजलं. मोतीबाय दारोदार फिरली. पहिल्यांदा लोक हसले, की ही आता हात बघून भविष्य सांगते. जयवंताने हात खिशातून काढलाच नाय. तिने मनगट पकडून काढला तर पानासारखा हलत होता. त्याला नि आनखी दोघांना ती घेऊन गेली. तिघंही बरे हायेत. आता डॉक्टरीणबाई दर बुधवारी देवळाच्या मंडपात बसनार. पायरीवर हात ठेवायच्या आधी त्यांना दाखवायचा, असं मंडळाने ठरवलं.

एक काम कर. मोतीबाय मला वेळेवर गोळी देते, पन माझ्याकडे बघत नाय. मी दार वाजवत होतो ते मला आठवतं हे तिला ठाऊक हाय. माझा तिच्यावर राग नाय. मी सांगितलं तर उठून चुलीकडे जाते. तू लिवलंस तर वाचेल. तुझं पत्र ती उभ्यानेच वाचते आता.

कमळ्याला माझा रामराम सांग. त्याच्या उशाशी बसलीस ते बरं केलंस. दोघंही वाचलो.

वाडीवर रेंज आली असं रूपेश बोलला. फोन करता आला असता, पन फोनवर तुला हात दिसला नसता. वरच्या दोन ओळी मंगळवारच्या हायेत, तारीख नि बाकीचं आजचं. आधी अक्षर बघ, मग फोन कर.

तुझा बाप,
गजा