सलाईन चालू ठेवायची

५ मे १९८६
जॉइन झाले! फायनली, खरीखुरी डॉक्टर! आदर्श नगरातलं हे छोटंसं हॉस्पिटल मला जाम आवडलंय. ताजा पिवळा रंग, दारात बोगनवेल. आणि या हिंदी मुलुखात हेड सिस्टर चक्क मराठी! गिरिजाताई, सोलापूरच्या, मिस्टर इथे रेल्वेत. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, कॉन्व्हेंटवाल्यांनी तुझं मराठी नुसतं उकडलंय, मीठच घातलं नाही. मग स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी वाढली. इथे नातेवाईक मात्र खुशाल बंदुका घेऊन बसतात, छत्र्या आणल्यासारख्या. अडवायला कुणीच नाही.

९ मे
इथली पद्धत कळली. बंदूकवाल्यांचा पेशंट गेला तर लगेच सांगायचं नाही. सलाईन चालू ठेवायची, चौकीला फोन करायचा, पोलीस आले की मग तोंड उघडायचं. मी ताईंशी भांडले. मतलब, पेशंटच्या आईशीसुद्धा खोटं? ताई म्हणाल्या, मागे एका डॉक्टरांनी लगेच सांगितलं, त्यांचा उजवा हात अजून वर होत नाही.

१४ मे
ट्रॅक्टरखाली आलेला भंवर आज गेला. ताईंनी सलाईन तशीच ठेवली, मला डोळ्यांनी दटावलं आणि फोन करायला गेल्या. त्याचे दोघे भाऊ बंदूक घेऊन बाहेर बाकावर. आई त्याचे पाय चोळत होती. म्हणाली, बेटी, पैर गरम नहीं हो रहे, कंबल दे दो. मी दिलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. जुग जुग जियो म्हणाली.
नाही जमलं मला. सांगून टाकलं.

पुन्हा १४ मे
चादरींच्या खोलीत आहे. तिची किंकाळी — भाऊ आत आले — सलाईनचे थेंब पडताना दिसले त्यांना. मुर्दे को बोतल किसने लगाई? लावली होती मी. ताई धावत आल्या, मला इथे ढकललं, कडी लाव म्हणाल्या. मग बाहेर त्यांचाच आवाज — मैंने लगाई.
मग गोळी.

ताई दाराशीच पडल्यात. दाराखालून रक्त येतंय. म्हणतात, पोरी, उघडू नकोस, ते अजून इथेच आहेत —

जखम दाबून धरली तर वाचतील. मला येतं ते. एवढं तरी येतं —

पोलीस नाहीत अजून.

ताई विचारतायत, हे आले का. मी म्हटलं, हो ताई, आलेत, जिना चढतायत.
कुणी नाही आलं.

ताई?

बोलत नाहीत. मी कडी काढ