गिअरची सायकल आणि उद्याचं भाषण

मंगळवार, संध्याकाळ

"सायकलवाल्या भावाबहिणींनो, आपल्या साध्या सायकलीला बाजाराने गरिबीची खूण करून टाकलं." उद्याच्या अल्लीपूरच्या भाषणाचं हे पहिलं वाक्य. त्यापुढे सुचतच नाही.

महागडी गिअरची सायकल म्हणजे निव्वळ मिरवणं, असं सेलूच्या सभेत मीच गरजले. आणि आज माझ्या लेकीने, मंजूने, पहिल्या पगारातून तसलीच माझ्यासाठी आणून दारात लावली. टेकडीचा चढ न उतरता चढले. दुखऱ्या गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. जाड टायर डांबरी रस्त्यावर उगाच जड, ते पैसे वायाच. पण गिअरचे? ते वसूल. मग सेलूत मी काय बोलले?

सभेत माझी जुनी सायकल मंचाशेजारी उभी करून तिला हार घालतात. उद्याही घालतील. मंजूला म्हटलं, जुनीच नेते.

"भाषण बदलव ना, आई. गुडघ्याले काऊन सजा देऊन राह्यली?"

हसले नाही मी. माझ्या शब्दावर कुणी नव्या सायकलीचा विचार सोडलाही असेल. त्यांचे गुडघे?

माझा गुडघा अजूनही गप्प आहे.

स्वतःलाच बजावते: उद्या नवीवरच जा. मंडपामागे लपवू नकोस, मंचाशेजारी उभी कर, आणि हार घालण्याआधी सेलूत चुकले ते बोल.